जुनी रेसिंग गाडी घेताय? आधी ‘ओल्ड नंबर वन’चा खटला वाचा

आमच्याकडे जुनी गाडी तपासून घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात, “गाडी ओरिजिनल आहे ना?” याचं हो-नाही असं उत्तर आम्ही देत नाही. काहींना ते टाळाटाळ वाटतं, म्हणून हे पत्रक.

एकच बेंटली, पण किती वेळा बदललेली

१९२९ साली फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत पहिल्या चारही गाड्या बेंटलीच्या होत्या. सगळ्यांत पुढे १ नंबरची ‘स्पीड सिक्स’, साडेसहा लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाची. हीच ती ‘ओल्ड नंबर वन’. चालवणारे वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन. पुढच्या वर्षी बार्नाटोने ग्लेन किडस्टनला जोडीला घेऊन त्याच गाडीवर पुन्हा ल माँ जिंकली. हा बार्नाटो कंपनीचा अध्यक्षही होता आणि पैसाही बराचसा त्याचाच. ल माँमध्ये तो तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला.

‘त्याच गाडीवर’ असं आपण सहज म्हणतो. पण रेसिंगच्या गाडीला कोणी जपून ठेवत नाही. शर्यत संपली की झिजलेलं काढायचं, नवं बसवायचं, पुढच्या शर्यतीला तयार व्हायचं. त्या काळी कोणाच्या डोक्यातही आलं नसेल की साठ वर्षांनी एखादा वकील या नटबोल्टांचा हिशोब मागेल.

१९३१ मध्ये बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली, तरी ही गाडी धावतच राहिली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरची ५०० मैलांची शर्यत जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी तिच्यावर जिंकली. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसवलं गेलं. त्या वर्षीच्या ५०० मैलांच्या शर्यतीत जॅकचा भाऊ क्लाइव्ह ती चालवत असताना गाडी ट्रॅकच्या वर चढत गेलेल्या तिरक्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि क्लाइव्हचा मृत्यू झाला. नंतर बार्नाटोने तिला बंद टपाची कूपे करून घेतलं. पुढे मालक बदलले आणि तिला पुन्हा उघड्या रेसिंग बॉडीचं रूप मिळालं.

एक कोटी पौंडांचा वाद

१९९० साली ही गाडी मिडलब्रिज नावाच्या कंपनीला एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं. मग खरेदीदाराने पाय मागे घेतला. ही खरी ‘ओल्ड नंबर वन’ नाहीच, असं त्याचं म्हणणं. मालक लंडनच्या हायकोर्टात गेला.

न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडीचा एकेक भाग कोणत्या साली बसवला याची छाननी केली. १९२९ च्या गाडीतलं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं, १९३० चंही थोडकंच. तरीही निकाल मालकाच्या बाजूने लागला. १९२९ पासून गाडीच्या इतिहासात कुठेही खंड पडलेला नाही. ती नक्कल नाही, सुट्या भागांतून नव्याने उभी केलेलीही नाही. या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली जगात नाही. असं न्यायमूर्तींचं म्हणणं. आमच्या मते जुन्या गाड्यांच्या व्यवहारात इतकं शहाणपणाचं दुसरं काही क्वचितच लिहिलं गेलं असेल.

आपल्याकडे वेगळं माप

आपल्या आरटीओत मात्र हा निकाल चालणार नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी दुचाकी-चारचाकीच ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी काढता येत नाही. या कसोटीवर ‘ओल्ड नंबर वन’ बहुधा नापास झाली असती! म्हणून नावाजलेली गाडी आणि ‘व्हिंटेज’ पासिंग होणारी गाडी या दोन गोष्टी आम्ही वेगळ्या तपासतो.

आमच्या अहवालात काय असतं

चासी आणि इंजिन नंबरचा ठसा, तो आरसी बुकाशी जुळतो का, मालकांची साखळी कुठे तुटते, आणि कोणता भाग केव्हा बदलला. विक्रेता म्हणाला ‘ही शर्यतीत धावलेली आहे’, तर आम्ही शर्यतीचं नाव, साल, गाडीवरचा नंबर आणि त्या दिवशीचा फोटो मागतो. नुसतं ‘आजोबा सांगायचे’ एवढ्यावर किंमत वाढवून देऊ नका.

तपासणीला येताना आरसी बुक, जुने विक्रीचे कागद, टॅक्सच्या पावत्या, गॅरेजची बिलं, आयात गाडी असेल तर कस्टम्सचे कागद, जे असेल ते आणा. फाटकं असलं तरी चालेल. आणि तोवर डेंटिंग-पेंटिंग करून घेऊ नका. नव्या रंगाखाली नंबरचं पंचिंग बुजलं, तर ठसा नीट उमटत नाही.