निस, १९३४: लिझेट मॉडेल यांच्या छायाचित्रांची पार्श्वभूमी
छायाचित्रकार लिझेट मॉडेल यांचं नाव निघालं की १९४१ चा एक मथळा आठवतोच: ‘फ्रान्स का पडला’. त्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीने मॉडेल यांची फ्रान्सच्या निस शहरातली छायाचित्रं या मथळ्याखाली छापली आणि चेहऱ्यांखाली लोभ, कंटाळा असे शब्द घातले. त्या दैनिकाकडे मॉडेल डार्करूममधलं, म्हणजे फिल्म धुण्याचं आणि प्रिंट काढण्याचं, काम मागायला गेल्या होत्या. संपादकांनी नमुन्याच्या प्रिंट पाहिल्या आणि काम बाजूला राहून छायाचित्रंच छापून आली.

छायाचित्रं १९३४ ची. जन्माने व्हिएन्नाच्या, तिथून पॅरिसला आलेल्या आणि संगीत सोडून पोटापाण्यासाठी कॅमेऱ्याकडे वळलेल्या मॉडेल आईला भेटायला निसला गेल्या. समुद्रकाठच्या प्रॉमनाड देझांग्ले (‘इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता’) या रस्त्यावर खुर्च्यांत बसलेली सधन माणसं त्यांनी टिपली.

कॅमेरा होता रोलायफ्लेक्स. १२० फिल्मच्या एका रोलवर चौरस आकाराच्या बारा फ्रेम मिळतात. छायाचित्रकार कमरेशी धरलेल्या कॅमेऱ्यात मान खाली घालून बघतो, त्यामुळे बसलेला माणूस त्याच्या उंचीवरून टिपला जातो. कॅमेऱ्याच्या वरच्या बघायच्या काचेवरचं चित्र मात्र डावं-उजवं उलट दिसतं. माणूस हलला की नवख्याचा कॅमेरा हमखास विरुद्ध दिशेला वळतो.

चित्र खरं घडायचं ते एनलार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठं करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्राखाली. निगेटिव्हची बाजू सुमारे ५६ मिलिमीटर असते. आजूबाजूचा रस्ता, आकाश, शेजारची खुर्ची कापून त्यातला २८ मिलिमीटर रुंदीचा तुकडाच ४० सेंटिमीटरच्या प्रिंटवर आणला, तर सात पटींऐवजी चौदा पट मोठं करावं लागतं. ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, उघडा पडतो, फोकसमधली जराशी चूक आणि धुळीचा कणही तितकाच वाढतो. बदल्यात माणूस चौकटीच्या कडांना भिडतो, अंगावर आल्यासारखा वाटतो. मॉडेल यांच्या शैलीचा कणा हाच. त्या अगदी जवळ जाऊन टिपत असत हा समज म्हणूनच पुरता खरा नाही. बरंचसं जवळपण नंतर कापून आणलेलं आहे.

१९३५ मध्ये पॅरिसच्या एका डाव्या साप्ताहिकाने हीच छायाचित्रं श्रीमंतांवर कोरडे ओढणाऱ्या मजकुरासोबत छापली होती. तिथे निदान विषय वर्गाचा होता. १९४१ ला त्याच माणसांवर एका देशाच्या पराभवाचा ठपका आला. निस हे हिवाळ्यात परदेशी पाहुण्यांनी भरणारं गाव. रस्त्याच्या नावातच इंग्रज आहेत. खुर्चीतली बाई फ्रेंच होती की नव्हती, हे चित्र सांगत नाही. फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला १९४० च्या जूनमध्ये, छायाचित्रं त्याच्या सहा वर्षं आधीची. कापणं हा छायाचित्रकाराचा निर्णय आणि तो प्रिंटवर दिसतो. फोटोओळ दुसऱ्याच टेबलावर लिहिली जाते आणि वाचकाला ती चित्राइतकीच खरी वाटते. पुरवणीचा तो निर्णय चुकीचाच होता, मग त्याने मॉडेल यांना कितीही प्रसिद्धी मिळवून दिलेली असो.

आणि प्रसिद्धी मिळाली. चित्रकार पतीसोबत १९३८ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या मॉडेल यांना १९४१ मध्येच एका बड्या फॅशन मासिकाने काम दिलं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावरची स्थूल, हसरी स्नान करणारी बाई त्याच कामातली. दुकानांच्या काचांतली प्रतिबिंबं आणि फुटपाथलगत कॅमेरा धरून टिपलेले धावते पाय हे संच याच सुमाराचे.

१९४१ मध्येच ज्या छायाचित्रकार संघटनेने त्यांचं एकल प्रदर्शन भरवलं, तिचं नाव १९४७ मध्ये अमेरिकी सरकारच्या काळ्या यादीत गेलं. १९५४ मध्ये तपास यंत्रणेने खुद्द मॉडेल यांची चौकशी केली. मासिकांचं काम आटलं. १९५१ पासून सुरू असलेलं शिकवणं हाच मग मुख्य व्यवसाय झाला. पहिलं पुस्तक आलं ते थेट १९७९ मध्ये, निधनाच्या चार वर्षं आधी.

निसचं एखादं चित्र समोर आलं तर आधी त्याखालची ओळ पाहावी. जागा आणि साल एवढंच असेल तर ठीक. एखाद्या दुर्गुणाचं नाव असेल, तर ते मॉडेल यांच्या नव्हे, १९४१ च्या पुरवणीच्या खात्यावर मांडावं.