मानववंशशास्त्र म्हणजे नुसत्या कवट्या?

‘मानववंशशास्त्र घेतलंस? म्हणजे कवट्या मोजायच्या आणि गप्पा मारून मार्क मिळवायचे!’ हा समज जुनाच. कवट्या असतात, पण जैविक शाखेत. सांस्कृतिक शाखेच्या विद्यार्थ्याचा घाम निघतो तो नोंदवहीपाशी. तासभर एखाद्या रांगेजवळ बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. ‘लोक वैतागले होते’ असं लिहिलं की शिक्षक खाली रेघ मारून विचारतात, वैताग दिसला कशात? घड्याळाकडे कोण बघत होतं, कोणी कोणाला पुढे जाऊ दिलं? मालिनोव्स्की या नामवंत मानववंशशास्त्रज्ञाने १९१५ ते १९१८ दरम्यान न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर दोन लांबलचक मुक्काम केले, तेही तिथली भाषा शिकून. गप्पा त्यानेही मारल्याच, पण रोज लिहून काढल्या. सोपा पेपर म्हणून आलेले नेमके या लिहिण्यापाशीच अडकतात.