मधल्या दिवशी किती चालायचं?
(नुकतंच धावायला लागलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

बूट घेऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा दुकानात डोकावणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ज्या दिवशी धावायचं नाही, त्या दिवशी चाललं तर चालेल का?" चालेल की. मग आम्ही विचारतो, कुठे चालता? उत्तर येतं, "फार काही नाही, पर्वती." रविवार असेल तर सिंहगड. म्हणून हे पत्रक.

तुमच्यापैकी बरेचजण 'काऊच टू फाइव्ह के' हा, सोफ्यावरून उठवून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा, ९ आठवड्यांचा कार्यक्रम करताहात. तो १९९६ सालचा आहे. त्यात आठवड्याला तीनच दिवस धावायचं असतं, आणि पहिल्या आठवड्यात तेही ६० सेकंद पळणं, ९० सेकंद चालणं, असं २० मिनिटं. मधले दिवस रिकामे सोडलेत ते आळशी लोकांची सोय म्हणून नव्हे. धावताना प्रत्येक पावलाला पायावर वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार येतो. चालताना तो वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) तयार व्हायला महिने लागतात. त्यामुळे मन म्हणतं आजही पळू, आणि नडगी म्हणते नको.

धावल्यावर दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी जास्तच, पोटऱ्या आणि मांड्या धरतात. अशा वेळी दिवसभर खुर्चीत बसलात तर उठताना "आई गं" होतंच. चाललं की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, पाय मोकळे होतात. त्यासाठी २० ते ३० मिनिटं पुरेत. वेग किती? शेजारच्याशी न धापता गप्पा मारता येतील इतका. आपल्या आजोबांची जेवणानंतरची शतपावली आठवा. तीच जरा लांबवायची.

घड्याळात १०,००० पावलं भरायची म्हणून रात्री हॉलमध्ये फेऱ्या मारू नका. हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. आम्हीही दुकानदारच, त्यामुळे ही युक्ती लगेच ओळखू येते.

आता पर्वती. पायऱ्या १०३, दहा मिनिटांचं काम, मग बिघडलं कुठे? चढताना फक्त दम लागतो. उतरताना मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि स्नायू दुखतात ते मुख्यतः अशाच कामानं. सिंहगडाला तर हे तासभर चालतं. जायचं तर जरूर जा, पण त्या आठवड्यातलं एक धावणं वजा करा आणि दुसऱ्या दिवशी घरी थांबा. वेताळ टेकडीच्या चढालाही हेच लागू. मधल्या दिवसासाठी सारसबाग बरी: सपाट वाट, तळ्यातल्या गणपतीचं दर्शन, समोर पर्वती दिसेल तिकडे नुसतं बघायचं. विद्यापीठाच्या आवारातही झाडांखाली छान चालता येतं. लक्ष्मी रोडवरची दोन तासांची खरेदी आम्ही चालण्यात धरत नाही. त्यात उभं राहणंच जास्त.

आठवड्यातून एक दिवस चालूसुद्धा नका. घरातलं काम असतंच.

चालायला जुने बूट वापरा. धावायच्या बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर, ते भाजी आणण्यात का घालवायचं? हे सांगून आमचीच विक्री कमी होते, असो. पावसात भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, उन्हात किंवा गीझरजवळ ठेवू नका.

दोन्ही पाय सारखे दुखत असतील आणि चालल्यावर सैल होत असतील, तर काळजी नको. पण एकाच नडगीवर, बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, किंवा चालताना लंगडायला होत असेल, तर चालणंही बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तिथे बूट बदलून काही होत नाही, त्यासाठी आमच्याकडे येऊ नका.