एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली म्हणजे सगळं आलं?

‘३ वर्षांची वॉरंटी घेतली की लॅपटॉपला काहीही होवो, फुकटात दुरुस्त होतो’ हा समज चुकीचा आहे. एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटीचीच मुदत वाढवते. मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) आपोआप गेला, तर ती कामाला येते. कीबोर्डवर चहा सांडला किंवा स्क्रीन फुटली, तर अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज कव्हर वेगळं घेतलेलं असावं लागतं. बॅटरीचं कलम तर नीट वाचाच: लॅपटॉपला ३ वर्षं असली तरी बऱ्याच कंपन्या बॅटरीला एकच वर्ष देतात.

‘आत्ताच घ्या, नंतर मिळणार नाही’ हेही सहसा खरं नसतं. डेल, एचपी, लेनोवोच्या बहुतेक मॉडेल्सची मुदत मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत वाढवता येते. तेव्हा काउंटरवर घाई करू नका. आणि प्लॅन कंपनीचा आहे की दुकानाने जोडून दिलेला, तेवढं विचाराच. क्लेमच्या वेळी कुणाचं दार ठोठवायचं, ते त्यावर ठरतं.

लाखाच्या वरच्या पातळ लॅपटॉपला मात्र कंपनीचा प्लॅन घ्यावा असं माझं मत आहे. त्यात रॅम बहुधा मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. ती बिघडली की अख्खा बोर्ड बदलावा लागतो.