दीडशे वॅटमध्ये पन्हाळा

सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर आणि 6 टक्के (म्हणजे 100 मीटरला 6 मीटर) चढावर ताशी 10 किलोमीटर, या दोन्ही वेगांसाठी पायांना लागणारी शक्ती जवळपास सारखीच असते. 70 किलोचा सायकलस्वार, बाटल्या-हत्यारांसकट 10 किलोची रोड सायकल, हात ब्रेकच्या हुडवर (लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर) आणि वारा पडलेला, असं धरलं तर दोन्हीकडे उत्तर दीडशे वॅटच्या आसपास येतं. कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाणाऱ्या ग्रुपला एकाच सकाळी हे दोन्ही हिशेब चुकते करावे लागतात. शिवाजी पूल ओलांडल्यापासून केर्लीपर्यंत सपाटीचा पहिला, वाघबीळच्या वर चढाचा दुसरा. शक्ती तेवढीच, पण ती खाणारे वेगळे. ग्रुपमध्ये कुणी कुठे राहायचं, मागच्या चाकावर कोणती कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) लावायची, टायरमध्ये हवा किती, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

सपाटीवर मुख्य खाणारी हवा. 30 च्या वेगाला दीडशेतले सुमारे 115 वॅट नुसती हवा बाजूला सारण्यात जातात. ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: 20 च्या वेगाला जेमतेम 34 वॅट, 30 ला 115, तर 33 ला थेट 153. पुढच्या सायकलच्या मागे हवा आधीच ढवळलेली आणि पुढे ओढली जाणारी असते, त्यामुळे तिच्या आडोशात राहणाऱ्याचा हवेचा खर्च साधारण 30 ते 40 टक्के कमी होतो. म्हणजे 30 च्या वेगाला 35 ते 45 वॅटची बचत. एवढी बचत कुठल्याही महागड्या चाकांनी होत नाही. मागच्यामुळे पुढच्यालाही किंचित फायदा होतो, पण तो दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नाही.

सगळ्यांत पुढे राहून हवा कापायची पाळी आळीपाळीने घेतात. ग्रुप फुटतो तो बहुतेक वेळा ही पाळी बदलताना. पुढचा बाजूला होतो, दुसरा समोर येतो आणि ताज्या पायांनी नकळत 30 चे 33 करतो. तीनच किलोमीटरचा फरक, पण हवेचा खर्च 115 वरून 153 वर गेला. त्याच क्षणी बाजूला झालेला, दमलेला माणूस शेवटच्या चाकामागे लागायची धडपड करत असतो. म्हणून समोर येणाऱ्याने आधीचा वेग सायकल कॉम्प्युटरवर बघून तोच धरावा. बाजूला होणाऱ्याने आधी मागे वळून वाहन नसल्याची खात्री करावी, वेग दोन-तीन किलोमीटरनेच उतरवावा आणि शेवटची सायकल बरोबरीला आली की, ती पुढे निघून जायच्या आत, पुन्हा पेडलवर जोर द्यावा. एकदा दोन सायकलींचं अंतर पडलं की ते भरून काढायला भर वाऱ्यात जास्त वेगाने जावं लागतं आणि घनाचा नियम तिथेच गाठतो.

पुढच्या सायकलच्या चाकापासून किती अंतर ठेवावं? मुरलेले लोक अर्धा मीटर ठेवतात. त्याचा हिशेब बघा. पुढच्याने मध्यम ब्रेक लावला, म्हणजे वेग दर सेकंदाला सुमारे 7 किलोमीटरने उतरतोय असं समजा. मागच्याला ते दिसून बोटं लिव्हरवर घट्ट व्हायला 0.7 सेकंद लागले, तर तेवढ्यात अर्धा मीटर संपलेला असतो. त्यामुळे रांगेत पुढे असणाऱ्याने अचानक ब्रेक लावूच नये. वेग कमी करायचा तर पाय हलका करावा, छाती जरा वर काढून हवेला अडू द्यावं. नवख्या मंडळींनी एक ते दीड मीटर ठेवावं. तिथेही आडोसा बऱ्यापैकी मिळतो.

चाकाला चाक घासलं तर पडतो मागचा. सायकलचा तोल हँडल सतत किंचित वळवून सांभाळला जातो. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला बाजूने टेकलं की ते वळणं अडतं आणि तोल सावरायची वाटच बंद होते. पुढच्याचं मागचं चाक वळतच नसल्याने तो बहुधा सुटतो. म्हणून पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं चाक घुसवायचं नाही, सरळ मागे ठेवायचं. नजर मात्र त्या चाकावर खिळवू नये, पुढच्याच्या खांद्यावरून रस्त्यावर असावी. आणि ‘खड्डा डावीकडे’, ‘ब्रेकर’, ‘मागून गाडी’ या हाका शेवटच्या माणसापर्यंत गेल्याच पाहिजेत, कारण त्याला समोरच्या पाठींखेरीज फारसं काही दिसत नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीतून पडलेलं कांडं चाकाखाली आलं तर सायकल सरकते. ते दिसताच हाक द्यावी.

वारा बाजूचा असेल तर आडोसा तिरका सरकतो. पुणे-बेंगळुरू महामार्गावर किणी टोलनाक्याकडे उत्तरेला जाताना पश्चिमेचा वारा डावीकडून येतो, म्हणजे आडोसा मागे-उजवीकडे, नेमका वाहनांच्या बाजूला. त्या मोहात पडू नये, सरळ रांगेतच राहावं आणि वेग कमी करावा. परतताना आडोसा डावीकडे, रस्त्याच्या कडेकडे असतो. गगनबावड्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात जाताना वारा बराचसा समोरून लागतो. तिथे ताशी 10 चा वारा असला तरी 30 च्या वेगासाठी एकूण 236 वॅट लागतात. ग्रुपने 25 वर समाधान मानलेलं बरं.

सपाटीवरचे उरलेले 32-33 वॅट टायर खातात. फिरताना रबर दबतं आणि सुटतं, त्यात ऊर्जेची उष्णता होते. टायर जितका कडक तितका वेगवान, या समजुतीने वर्षानुवर्षं 23 मिलिमीटरच्या टायरमध्ये 110-120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासली गेली. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर ते चालतं. आपल्याकडच्या खडबडीत डांबरावर कडक टायर प्रत्येक खडीवर सायकल आणि माणूस दोघांना उचलतो. त्यात वाया जाणारी ऊर्जा रबरातल्या बचतीपेक्षा जास्त ठरते, शिवाय पकड कमी होते. फ्रेममध्ये बसत असेल तर 28 चा टायर घ्यावा. 70 किलोच्या माणसाने पुढे 65 ते 70, मागे 70 ते 75 पीएसआयपासून सुरुवात करून बघावी. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे पाचेक पीएसआय अधिक. ट्यूबमधून हवा रोज थोडी झिरपतेच, तेव्हा प्रत्येक राईडआधी गेज असलेल्या पंपाने मोजावी. बोटाने दाबून 60 आणि 80 मधला फरक कळत नाही.

पंक्चर झाल्यावर ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिममध्ये चिमटली. एकच भोक असेल तर बाभळीचा काटा किंवा तारेचा तुकडा. तो टायरमध्येच राहिला तर नवी ट्यूब शंभर मीटरवर पुन्हा बसते. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवावा, काटा असेल तिथे तो अडकतो. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) काडतुसाने हवा भरली असेल तर घरी येऊन ती सोडून साधी हवा भरावी, कारण हा वायू ट्यूबच्या रबरातून झपाट्याने निसटतो.

वाघबीळच्या वर चित्र पालटतं. 6 टक्के चढावर ताशी 10 ला हवा फक्त चारेक वॅट घेते, टायर 11, आणि 131 वॅट वजन वर उचलण्यात जातात. आडोशाचा फायदा जवळजवळ शून्य, म्हणून चढावर चिकटून चालवण्यात अर्थ नाही. उलट धोकाच. सीटवरून उभं राहताना क्षणभर पेडलवरचा जोर सुटतो आणि सायकल वीतभर मागे येते. आधी ‘उठतोय’ म्हणावं, आणि पेडल खाली येत असतानाच उठावं.

इथे गिअर महत्त्वाचा. पुढे 34 दात, मागे 32 दात आणि चाकाचा घेर 2.11 मीटर असेल तर पेडलच्या एका फेरीत सायकल 2.24 मीटर जाते. मिनिटाला 75 फेऱ्या मारल्या की बरोब्बर ताशी 10. त्याच वेगाला मागे 28 असेल तर 65 फेऱ्या, आणि जुन्या सायकलवरच्या 39-25 ला (पुढे 39, मागे 25) फक्त 51. शक्ती तीच राहते, पण 51 फेऱ्यांत प्रत्येक दाबाला दीडपट जोर लागतो आणि तो गुडघ्यांवर येतो. पन्हाळा, जोतिबा ज्यांच्या नेहमीच्या वाटेवर आहेत त्यांनी पहिला खर्च 32 किंवा 34 दातांची मोठी चकती असलेल्या कॅसेटवर करावा, असं आमचं ठाम मत आहे. मात्र आधी मागच्या डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेची) कमाल दात-मर्यादा तपासावी. आखूड पिंजऱ्याचे (चेन ताणून धरणारा खालचा भाग आखूड असलेले) बरेच डिरेलर 28-30 पुढे जात नाहीत. कॅसेट मोठी केली की चेनही लांब लागते. जुन्याच चेनवर पुढचं आणि मागचं दोन्हीकडचं मोठं चक्र एकदम पडलं तर डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला धरणारा तुकडा) मोडू शकतो.

वजनाचं म्हणाल तर कोल्हापूर आणि पन्हाळा यांच्या उंचीत सुमारे 400 मीटरचा फरक आहे. 6 टक्के चढावर ताशी 10 च्या वेगाने तेवढं चढायला 40 मिनिटं लागतात, आणि 1 किलो कमी केल्याने त्यातली अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वाचत नाहीत. हलक्या फ्रेमवर मोठा पैसा घालण्याआधी हा आकडा आठवावा. शरीराची कार्यक्षमता 20 ते 25 टक्के धरली तर ही उंची गाठायला 300 ते 375 किलोकॅलरी लागतात, म्हणजे साधारण 80 ते 100 ग्रॅम गुळाइतक्या. खिशातले गुळाचे खडे केर्लीलाच तोंडात टाकावेत, चढावर दम लागल्यावर खाणं जमत नाही.

चढताना साठवलेली सगळी ऊर्जा उतरताना कुठेतरी टाकावी लागते. 6 टक्के उतारावर वेग ताशी 35 वर धरून ठेवला तर हवा 182 वॅट घेते, टायर 38, आणि उरलेले जवळपास 240 वॅट ब्रेकमध्ये उष्णता होतात. सतत ब्रेक घासत उतरलं तर रिमला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. सरळ पट्ट्यात लिव्हर पूर्ण सोडून, ताठ बसून हवेला काम करू द्यावं, वळणाआधी सरळ असतानाच दोन्ही ब्रेक नीट लावावेत आणि वळणात शिरताना सोडावेत. ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरं थांबवणं पुढचाच ब्रेक करतो. कोणत्या हाताला तो आहे हे उसन्या सायकलवर आधी बघून घ्यावं. पावसात रिम ब्रेक (रिमवर रबर दाबणारे) लावल्यावर चाकाचे पहिले काही फेरे रिमवरचं पाणी पुसण्यातच जातात, तेव्हा वळणाच्या बरंच आधी रबर हलके टेकवावेत.

पावसातल्या राईडनंतर हे रबर काढून पाहावेत. त्यात रुतलेली वाळू आणि ॲल्युमिनियमचे कण टाचणीने उकरून काढले नाहीत तर तेच पुढच्या उतारावर रिम खरवडतात. अनेक रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा टिंब असतं, ते दिसेनासं झालं की रिम बदलायची. डिस्क ब्रेकवाल्यांनी पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरवर येण्याआधी पॅड बदलावेत. चेनला तेल फवाऱ्याने मारू नये. प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटांनी बाहेरून कापडाने पूर्ण पुसणं, एवढं पुरतं. डिस्कवर तेल उडालं आणि पॅडने ते शोषलं की ब्रेक किंचाळतो, पण धरत नाही. डिस्क स्पिरिटने पुसून वापरता येते, तेल प्यायलेले पॅड मात्र टाकून द्यावे लागतात.