एक भागाकार वाचवण्यासाठी

वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या पाणंदीत उभं राहून समोर पाहा. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. उंची सगळीकडे सारखीच, पण डोळ्याला ते लांब लांब जाताना ठेंगणे होत गेलेले दिसतात. हे ठेंगणं होणं अगदी हिशेबी असतं. दहा पावलांवर गडगा जेवढा उंच दिसतो, त्याच्या निम्मा वीस पावलांवर आणि पाव चाळीस पावलांवर. खरी उंची भागिले अंतर, एवढंच. सपाट पडद्यावर खोली दाखवण्याचं जवळजवळ सगळं गणित या एका भागाकारावर उभं आहे, आणि सुरुवातीच्या थ्रीडी गेम्सची सगळी हुशारी हा भागाकार वाचवण्यात खर्ची पडली.

तो वाचवायचा कशाला, हे आकडे मांडले की कळतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पीसीवरचे गेम ३२० बाय २०० पिक्सेलच्या, म्हणजे रंगाच्या ठिपक्यांच्या, चित्रात, २५६ रंगांत चालत. एका चित्रात ६४,००० पिक्सेल. सेकंदाला ३५ चित्रं काढायची तर पिक्सेल झाले साधारण २२ लाख. ६६ मेगाहर्ट्‌झचा ४८६ प्रोसेसर सेकंदाला ६ कोटी ६० लाख ठोक्यांवर चालायचा, तेव्हा एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम तीस ठोके येत. आणि त्याच प्रोसेसरला एक भागाकार करायला सुमारे चाळीस ठोके लागत! बाकी काहीच केलं नाही, तरी पिक्सेलमागे एक भागाकार परवडणारा नव्हता.

मे १९९२ मध्ये ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आला. त्याचा प्रोग्रामर जॉन कार्मॅक याने जग आधीच सोपं करून घेतलं होतं. नकाशा ६४ बाय ६४ चौकटींचा, प्रत्येक चौकट भिंतीची नाहीतर रिकामी. पडद्यावरच्या प्रत्येक उभ्या रेघेसाठी खेळाडूच्या जागेवरून एक किरण सोडायचा. तो चौकटींच्या कडा ओलांडत भिंतीला अडला की अंतर कळलं. त्या अंतराने एकदा भागलं की भिंतीची ती रेघ किती उंच काढायची हे ठरलं. रेघांनी पडद्याची पूर्ण रुंदी भरली तरी त्या ३२०, त्यामुळे उंचीचे भागाकारही तेवढेच.

हे जमतं ते भिंत उभी आणि नजर सरळ समोर असते म्हणून. अशा भिंतीवरची कुठलीही उभी रेघ घ्या, तिचा माथा आणि पायथा चित्राच्या हिशेबात एकाच खोलीवर असतात. त्या रेघेतले सगळे पिक्सेल नुसत्या बेरजा करत भरता येतात. मान वर-खाली केली की हे मोडतं, म्हणून त्या गेममध्ये वर-खाली बघता येत नाही. जमीन आणि छताला तर एकेक सपाट रंग फासून टाकला होता.

डिसेंबर १९९३ मधल्या ‘डूम’ने यातली बरीच बंधनं तोडली. भिंती कुठल्याही कोनात, जमिनीची उंची कमीजास्त, पायऱ्या, खिडक्या. आता प्रश्न वेगळाच उभा राहिला: कुठली भिंत पुढे, कुठली मागे? उत्तर हेन्री फुक्स, झ्वी केदेम आणि ब्रूस नेलर यांनी १९८० सालीच प्रसिद्ध केलेल्या एका निबंधातून आलं. नकाशा एका रेषेने दोन तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकडा पुन्हा दोनांत, असं करत एक झाड तयार करायचं. मग खेळाडू कुठेही उभा असो, त्या झाडावरून उतरत गेलं की भिंती जवळून लांब अशा क्रमाने मिळतात, आणि एकदा भरलेली जागा पुन्हा रंगवावी लागत नाही. कापाकापीचं जड काम गेम तयार करणाऱ्यांच्या यंत्रावर आधीच उरकलेलं असायचं. मला हा भाग फार आवडतो. घरच्या दुबळ्या यंत्राला फक्त उत्तर वाचायचं काम उरतं.

डूममध्येही उतार नाहीत. प्रत्येक पृष्ठभाग एक तर उभा, नाहीतर आडवा. आडव्या जमिनीची पडद्यावरची एक ओळ सगळी एकाच खोलीवर असते, म्हणून तिथे ओळीमागे एकदा हिशेब केला की भागतं. नकाशा मुळात सपाट असल्याने एका दालनावर दुसरं दालन नाही. अंगावर येणारे राक्षस म्हणजे आठ दिशांनी काढून ठेवलेली चपटी चित्रं.

इतकं सगळं सोडूनही ते जग खरं का वाटायचं? देवबागच्या किनाऱ्यावरून दूर समुद्रातली होडी पाहताना आपल्या दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांत जवळजवळ फरक नसतो, कारण डोळ्यांमध्ये अंतर असतं सहा-साडेसहा सेंटीमीटर. तरीही होडी लांब आहे हे आपल्याला कळतं. मेंदू खोली ओळखायला इतर खुणा वापरतो: आकार, कोण कोणाला झाकतं, धूसरपणा, आणि माझ्या मते सगळ्यांत प्रभावी अशी हालचाल. चालू लागलं की जवळचे दगड भराभर मागे जातात आणि लांबचं झाड जागचं हलत नाही. सपाट पडद्यावरही ही खूण शाबूत राहते, पण चित्रं सलग येत असतील तरच. म्हणून या लोकांनी उतार सोडले, छतं सोडली, गोलाई सोडली, पण वेग सोडला नाही. या गेम्सची ओढ मला तिथेच दिसते.

धूसरपणाचाही असाच उपयोग झाला. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात दरीपलीकडचा डोंगर फिकट दिसला की तो लांब आहे हे सांगावं लागत नाही. डूममध्ये लांबचं काळोखात बुडतं. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्ये दाट धुकं होतं, आणि प्लेस्टेशन या गेम खेळायच्या यंत्राला लांबची घरं काढणं झेपत नव्हतं हे त्या धुक्यानेच झाकलं. भीती वाढली ती वेगळीच.

प्लेस्टेशन जपानमध्ये डिसेंबर १९९४ मध्ये आलं. मुख्य मेमरी २ मेगाबाइट. त्यावरच्या वस्तू त्रिकोणी तुकडे जोडून बनत. हे त्रिकोण ते झपाट्याने काढायचं, पण खोलीचा भागाकार फक्त कोपऱ्यांपुरता व्हायचा आणि आतलं चित्र सरळ ताणून बसवलं जायचं. त्यामुळे जवळ गेलं की फरशीच्या रेघा वाकत. शिवाय कोपरे पूर्ण पिक्सेलवरच बसत, म्हणून भिंती थरथरत. आज काही नवे गेम ही थरथर मुद्दाम आणतात.

भागाकाराचं घोडं शेवटी गंगेत न्हालं ते जून १९९६ च्या ‘क्वेक’ या गेममध्ये. तिथे खरा भागाकार दर सोळा पिक्सेलनंतर एकदा होई. पेन्टियम या ४८६ नंतरच्या प्रोसेसरमधला दशांश गणिताचा भाग पुढचा भागाकार करत असताना उरलेला प्रोसेसर आधीचे सोळा पिक्सेल रंगवून टाकायचा. कुडाळ-सावंतवाडीच्या कॉम्प्युटर क्लासांत मात्र तेव्हा आम्हाला ४८६ च मिळायचे. गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी भाऊ फ्लॉपींवर डूम घेऊन येत, आणि आम्ही त्यावरच खूश असायचो.

शाळेत प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांनी किरणांचा हा प्रयोग जरूर करावा, शे-दोनशे ओळींत होतो. आपल्या वाडीचा नकाशा चौकटींच्या कागदावर काढा, घर-विहिरींच्या जागी १, मोकळ्या जागी ०. पहिल्यांदा चालवाल तेव्हा समोरची सरळ भिंत मधोमध फुगलेली दिसेल. कडेचे किरण तिरके जातात, म्हणून त्यांचं अंतर जास्त भरतं. किरण आणि नजरेची दिशा यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनने ते अंतर गुणा, भिंत सरळ होईल.