अध्याहार (काव्य)

वाक्यात प्रत्यक्ष नसलेले, पण अर्थ पुरा होण्यासाठी लागणारे पद मनाने घेणे म्हणजे अध्याहार. असलेली पदे एकमेकांशी जुळवणे म्हणजे अन्वय. कवितेची ओळ लावताना दोन्ही लागतात, पण आधी अन्वय आणि मग अध्याहार. हा क्रम उलटला की वाचक पदरचे शब्द घालू लागतो आणि कवीचे शब्द मात्र जागच्या जागी अडून राहतात.

मराठीत अन्वयाचे काम बरेचसे प्रत्यय आणि सामान्यरूपे (प्रत्ययाआधी शब्दाचे बदललेले रूप) करून देतात. बा. सी. मर्ढेकरांची ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही ओळ पाहा. ‘ओल्या’ हे विशेषण ‘उंदिर’च्या अगदी शेजारी बसले आहे, म्हणून घाईत ‘ओले उंदीर’ असे वाचले जाते. पण उंदरांसाठी रूप ‘ओले’ झाले असते. ‘ओल्या’ हे सामान्यरूप आहे आणि ते सप्तमीतल्या ‘पिपांत’कडेच जाते. अन्वय झाला: ओल्या पिपांत उंदीर मेले. येथे एकही शब्द बाहेरून आणावा लागला नाही. होता तोच जागेवर नेला. संबंधित पदे अशी लांब पडली की त्याला दूरान्वय म्हणतात. ‘उंदिर’मधला ऱ्हस्व मात्र निव्वळ मात्रांसाठी आहे: ओळ १६ मात्रांची आहे, दीर्घ केला तर १७ होतात. त्यात अर्थ शोधू नये.

रामदासांच्या मनाच्या श्लोकांत अध्याहार खराच लागतो. ‘जनी निंद्य ते सर्व सोडूनि द्यावे’ येथे ‘ते’ आहे, पण त्याचा जोडीदार ‘जे’ नाही, आणि ‘आहे’ही नाही. जनांत जे निंद्य आहे ते सर्व सोडून द्यावे, असे वाचावे लागते. भुजंगप्रयात या वृत्ताच्या १२ अक्षरांत हे दोन शब्द मावलेही नसते. खरी गंमत पुढच्या ओळीत आहे: ‘जनी वंद्य ते सर्व भावे करावे’. ‘ते सर्व, भावे करावे’ की ‘ते, सर्वभावे करावे’? वृत्त निवाडा देत नाही, कारण दोन्हींचा लघुगुरुक्रम एकच आहे. व्याकरणालाही दोन्ही चालतात. आधीच्या ओळीत ‘ते सर्व’ अशी जोडी स्पष्ट आहे, म्हणून पहिले वाचन अधिक सरळ वाटते. पण दुसऱ्याला चूक म्हणता येत नाही.

जुन्या छपाईतले अनुस्वार अशा वेळी मदतीला येतात. ‘जनीं’मधला अनुस्वार सप्तमी सांगतो, ‘भावें’मधला तृतीया. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, पण केशवसुतांपूर्वीचे पद्य मुळाप्रमाणे छापावे, अशी सवलतही ठेवली. ती न पाळणाऱ्या आवृत्त्यांत विभक्तीची खूणच पुसली जाते. अर्थात अनुस्वार असूनही पेच सुटेलच असे नाही. ज्ञानेश्वरीतल्या ‘ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन’ मध्ये ‘रसिकें’ हे रूप तृतीयेचेही दिसते. पण ते ‘अक्षरें’चे विशेषण मानून ‘रसाळ अक्षरे’ असा अर्थ घेतला जातो. ‘मी’ येथे लुप्त आहे, पण ‘मेळवीन’ हे क्रियापदच तो पुरवते. असा कर्ता मराठी बोलण्यातही रोज गाळला जातो. त्याला अध्याहार म्हणणे म्हणजे थोडा मानच देणे.

संस्कृत परंपरेत या प्रश्नाचा कीस काढलेला आहे. कोणी नुसते ‘दार’ म्हटले, तर ‘लाव’ हा शब्द मनात येतो की लावण्याचा अर्थ? वाक्यार्थाचा विचार करणाऱ्या मीमांसकांच्या दोन पंथांपैकी भाट्ट शब्दाचा अध्याहार मानतात, प्राभाकर अर्थाचा. शेजारच्या वाक्यातले पद पुढे ओढून घेणे याला वेगळे नाव आहे: अनुषंग. मधले एकच पद मागेपुढे दोन्हीकडे लागत असेल तर देहलीदीपन्याय, म्हणजे उंबऱ्यावरचा दिवा जसा आत आणि बाहेर उजेड देतो तसे. अन्वयाच्याही दोन रीती आहेत. दंडान्वयात पदे सरळ गद्यक्रमाने मांडतात. खंडान्वयात आधी क्रियापद धरून ‘कोण?’, ‘काय?’, ‘कशाने?’ असे विचारत जातात. शिकणाऱ्याला दुसरी रीत अधिक उपयोगी पडते, कारण कोणत्या प्रश्नाला ओळीत उत्तर नाही हे लगेच कळते, आणि अध्याहाराची जागा नेमकी तीच असते.

आवश्यक पद गाळणे हा संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात ‘न्यूनपद’ नावाचा दोष आहे. मात्र बोलणारा भावनेने भारलेला असेल, तर तोच गुणही ठरतो, असे तो मान्य करतो. मर्ढेकरांच्या त्याच कवितेत पुढे ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’ असे येते. माना कोणाच्या? ‘उंदरांच्या’ हे आधीच्या ओळीतून घेता येते. पण कोणी मुरगळल्याविण? त्या कर्त्याचे नाव ओळीत नाही, आसपासही नाही, आणि तेथे एखादे नाव बसवणाऱ्या टीपेला व्याकरणाचा आधार सापडत नाही.